कौनास ते डब्लिन, १,९६६ किलोमीटर

रविवार, ७ ऑक्टोबर
दाब ७५८, उतरता. ढग.

दानुते गेली. विमान १८:१० चं, पण चाकं धावपट्टीवरून उचलली १८:२२ ला. कार्मेलावा विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून मी स्वतः पाहिलं. परतीचं तिकीट १९ डिसेंबरचं. त्र्याहत्तर दिवस.

आमच्या युर्गाला डब्लिनमध्ये ११ सप्टेंबरला लेक झाली, नाव लिएपा. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं जायचंच असतं, तेव्हा मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. बॅग मी भरून दिली. म्हणजे भरली तिनं, वजन मी केलं. प्रत्येक वस्तू वेगळी तराजूवर ठेवून, कारण वीस किलोच्या वर गेलं तर विमानतळावर बॅग उघडून सगळ्या जगाला आपले मोजे दाखवावे लागतात. काळा पाव, सुकी अळंबी, दोन चीज, हिवाळी बूट, शिवणाचा डबा, तिच्या आईचा फोटो चौकटीसकट, कागदपत्रांची निळी फाइल. शेवटी तिच्या आईचा तागाचा टेबलक्लॉथ, ६४० ग्रॅम.

"हा कशाला?" मी म्हटलं. "हा कुचोसच्या जेवणाला लागतो. नाताळच्या आदल्या रात्री, चोवीस डिसेंबरला, तू इथेच असशील."

"बाळाला दाखवीन."

"सव्वीस दिवसांच्या बाळाला टेबलक्लॉथ?"

"सहाशे चाळीस ग्रॅम आहे ना, झिग्मास? बसतोय ना? मग राहू दे."

एकूण १९ किलो ४००. बसला.

आत जाताना तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "सूप तीन दिवस पुरेल." घरी आलो तर तिची घराची चावी बॅरोमीटरखालच्या खिळ्याला लटकवलेली. परदेशात हरवू नये म्हणून ठेवली असणार. कधी नव्हे ते शहाणपण.

बुधवार, १० ऑक्टोबर
दाब ७६४.

विमानतळावर बॅगा घेणाऱ्या पोरीनं मला सांगितलं होतं, "दोन हजार किलोमीटर, काका, तीन तास." दोन हजार! असं गोल बोलणाऱ्या माणसांमुळे पूल पडतात. जमीनमोजणीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं मोजणीदारांसाठी लाल-पांढरी काठी धरली. काठी धरणाऱ्याला कोणी शिकवत नाही. मी बाजारात रद्दीत मिळालेल्या खलाशांच्या पुस्तकावरून गोलावरची त्रिकोणमिती शिकलो, आणि नंतर पदवीवाले मोजणीदार माझ्याकडून आकडे तपासून घ्यायचे. तेव्हा तीन संध्याकाळी बसून मांडलं. कार्मेलावाचा अक्षांश ५४° ५८′, डब्लिन विमानतळाचा ५३° २५′, रेखांशांत फरक ३०° २१′. पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळचा रस्ता : १,९६६ किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणूनही पाहिलं, दोरा कोपनहेगनच्या किंचित दक्षिणेकडून जातो.

उड्डाणाला तीन तास. पण डब्लिनचं घड्याळ दोन तास मागे. म्हणून जाताना घड्याळात एकच तास जातो आणि येताना पाच. ही गंमत सांगायला फोन केला. युर्गानं उचलला.

"बाबा, बाळ आत्ता झोपलंय."

"मी हळू बोलतो. एक हजार नऊशे सहासष्ट."

"काय?"

"अंतर. आईला दे."

दानुतेनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "म्हणजे बघ, तू गेलीस तेव्हा एका तासात पोचलीस. येताना पाच लागतील. हे वेळेचं समजून घेतलं की प्रवासाचा त्रास होत नाही."

ती म्हणाली, "वेळेचं तू माझ्याशी बोलू नकोस."

आवाज चढवला नाही. "माझ्याशी"वर जोर होता.

हे कुठून येतं ते मला ठाऊक आहे. तेरा फेब्रुवारी. तिची आई झारासायच्या दवाखान्यात वारली आणि आम्ही पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. पण माझी त्या दिवसाची नोंद स्वच्छ आहे : निघालो ११:५०, पोचलो १४:०५. एकशे ब्याऐंशी किलोमीटर, बर्फाच्या रस्त्यावर, एकशे पस्तीस मिनिटांत. त्या दिवशी त्या रस्त्यावर यापेक्षा लवकर कोणीच पोचलं नसतं. मी तिला नोंद दाखवलीही होती. तिनं वाचली, वही मिटली, आणि परत माझ्या हातात दिली.

रविवार, २१ ऑक्टोबर

समोरच्या स्तासेबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या, विधवा, जिभेला हाड नाही. टेबलावर पृथ्वीगोल आणि दोरा.

"काय हो इंजिनियरसाहेब, बायको विमानानं गेली आणि तुम्ही दोऱ्यानं मोजताय?"

मी इंजिनियर नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणूनच म्हणतात.

"दोरा खोटं बोलत नाही, स्तासेबाई."

"दोरा बोलतच नाही मुळी. दानुते काय बोलली ते सांगा. कधी येतेय?"

"एकोणीस डिसेंबर. १२:४५ ला निघणार, आपल्या १७:४० ला इथे."

"विमान कधी येतंय ते नाही विचारलं."

मला कळलं नाही. केक चांगला होता, दालचिनी जास्त.

रविवार, २८ ऑक्टोबर

आज पहाटे घड्याळं एक तास मागे. आपली आणि त्यांची एकाच क्षणी, म्हणून फरक दोनच तास राहिला. हे दानुतेला कळवलं. तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

सूप मी आता स्वतः करतो. तिची कृती लिहून घेतलेली नव्हती. 'थोडं मीठ', 'जरा वेळ' एवढंच सापडलं. बीट किती वेळ शिजवायचं याच्या चार चाचण्या घेतल्या. तिच्यासारखं होत नाही. चारही वेळा काय चुकलं ते लिहून ठेवलं आहे.

गुरुवार, १ नोव्हेंबर
दाब ७६१. धुकं.

मृतांचे दिवस. दानुतेचा काल फोन, स्वतःहून, दुसऱ्यांदाच.

"झिग्मास, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावशील? पहिलंच वर्ष आहे."

"लावतो."

"झारासायला जाशील?"

"लावतो म्हटलं ना."

सकाळी विचार केला. एकशे ब्याऐंशी जाताना, तेवढंच येताना, धुकं, सणाची गर्दी. ज्यांची थडगी लांब आहेत त्यांच्यासाठी इथल्या दफनभूमीतल्या मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावतात, ही जुनीच रीत आहे. निम्मं कौनास तेच करतं. मी दोन तास जळणारी साधी मेणबत्ती न घेता बहात्तर तासांची घेतली. क्रुसाच्या पूर्वेकडच्या बाजूला ठेवली, वारा लागू नये म्हणून. फोटो काढून पाठवला, आणि खाली लिहिलं : बहात्तर तास.

दानुतेचं उत्तर : "हे झारासाय नाही."

मी रीत समजावून सांगितली. रीत तिलाही माहीत आहे. उत्तर आलं नाही. तिथे तेव्हा बाराच वाजले होते, बाळाची आंघोळ असेल.

रविवार, १८ नोव्हेंबर

युर्गाकडून कळलं की दानुते एका दुकानात कपडे आल्टर करायला जाते, आठवड्यातून चार दिवस. आणि संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला.

"वर्ग किती दिवसांचा?" मी विचारलं.

युर्गा म्हणाली, "मार्चपर्यंत, बाबा."

"मग फी वाया जाणार. डिसेंबरपर्यंतचा नव्हता का?"

"बाबा, तू आईशी बोल ना."

"बोलतोच आहे की."

"नाही. तू तिला सांगतोस. बोल."

पोरगी दोन वर्षांची असताना मी तिला ध्रुवतारा शोधायला शिकवलं, आणि ती मला बोलायला शिकवतेय. असो. शिवणाचा डबा का नेला ते आता कळलं. रिकामी बसणारी बाई नाहीच ती. वर्ग अर्धवट सुटला तरी थोडं इंग्रजी पदरात पडेल, इथे कुठेही उपयोगी पडेल.

आज एक गोष्ट केली, ती इथे लिहून ठेवतो. माझ्या एकट्याचं जाण्याचं तिकीट पाहिलं. मी अजून विमानात बसलेलो नाही. भीती नाही. पण बोलावल्याशिवाय जाणं बरं दिसत नाही. ती 'ये' म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. आणि एकतीस दिवसांनी ती येतेच आहे, मग दोन माणसांनी उलटसुलट उडायचं कशाला. पान बंद केलं.

रविवार, २ डिसेंबर
दाब ७६९, महिन्याभरातला सर्वांत जास्त. थंडी −७.

चर्चमधून नाताळची पोळी आणली. पापुद्र्याइतकी पातळ, पांढरी, वर गोठ्याचं उठावाचं चित्र. कुचोसला जेवणाआधी घरधनी ती बायकोपुढे धरतो, ती तुकडा मोडून घेते, मग आपली त्याच्यापुढे धरते, मग सगळे एकमेकांची मोडतात. परदेशी गेलेल्यांना लोक टपालानं पाठवतात. दानुते चोवीसला इथेच असेल, पण युर्गाच्या घरी कोण देणार? म्हणून पाठवायची ठरवलं. मग वाटलं, अख्खी का? अर्धी इथे, अर्धी तिथे. एकाच पोळीचे दोन भाग १,९६६ किलोमीटरवर. ही कल्पना मला आवडली. दानुतेलाही आवडेल असं वाटलं. पाकिटावर तिचंच नाव घातलं. ती पाकीट उघडेल, युर्गाला देईल, आणि इकडे यायला निघेल.

पोळी १५० मिलिमीटर लांब. हातानं मोडली तर कुठेही तुटते, एकाला मोठा वाटा, एकाला छोटा. म्हणून मधोमध, ७५ वर, पोलादी पट्टी ठेवून नव्या पात्यानं कापली. एक कण सांडला नाही. स्तासेबाई पीठ मागायला आल्या होत्या, दारातच थबकल्या.

"अहो! हे काय करताय?"

"बरोबर अर्धी. एक डब्लिनला पाठवायची."

"ती मोडायची असते, झिग्मास! कापतं का कुणी? लादी आहे का ती?"

"मोडली तर सारखी होत नाही."

"नसतेच व्हायची सारखी! मोठा तुकडा हातात आला की माणूस हसतो, छोटा आला की दुसरा म्हणतो घे माझ्यातला. त्यासाठी तर मोडायची." पहिल्यांदाच त्यांनी मला इंजिनियरसाहेब म्हटलं नव्हतं, ते माझ्या नंतर लक्षात आलं. "दुसरी आणा. ही पाठवू नका."

दुसरी कशाला? आशीर्वाद कापल्यानं सांडत नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून उद्या टाकतो. टपालाला सहा ते आठ कामाचे दिवस.

मंगळवार, ११ डिसेंबर

पाकीट पोचलं. कामाचे सहा दिवस, माझ्या अंदाजाच्या आत.

"आईनं बघितलं?"

"बघितलं," युर्गा म्हणाली.

"तुटलं नाही ना वाटेत?"

"नाही, बाबा. अगदी सरळ आहे."

"काय म्हणाली?"

"काही नाही. हातात घेऊन खिडकीशी बसली होती. मग म्हणाली, यानं हीसुद्धा कापली."

म्हणजे लक्षात आलं तिच्या. रेघ इतकी सरळ होती की लक्षात येणारच. पण तो 'सुद्धा' कशासाठी, यावर मी बराच विचार केला. दुसरं मी काय कापलं?

बुधवार, १९ डिसेंबर

१६:५० ला विमानतळावर. तीन पांढरे गुलाब. तीन, कारण सम संख्येत फुलं मढ्याला देतात. मी दाढी केली होती आणि निळा शर्ट इस्त्री केला होता. बाह्यांच्या घड्या तिच्यासारख्या जमत नाहीत.

विमान १७:३३ ला टेकलं, वेळेच्या सात मिनिटं आधी. १७:५१ ला पहिला माणूस बाहेर. मग सगळे. आयर्लंडहून सणाला आलेली पोरं, पाठीवर पिशव्या, आया त्यांच्या गळ्यात पडतायत, एक म्हातारा "बारीक झालास रे, काय खायला घालतात तिथे, पाऊस?" असं म्हणत नातवाचे गाल ओढतोय. मी खांबाशी उभा. बाई दिसली की मान उंच करायची. राखाडी कोटातल्या दोघी येऊन गेल्या. १८:१४ ला शेवटी एक बाई चाकाच्या खुर्चीतून. मग वैमानिक. मग दार बंद.

खिडकीतल्या मुलीला विचारलं. "प्रवाशांची नावं सांगता येत नाहीत."

"मी नाव विचारत नाही. आत कोणी राहिलंय का एवढंच विचारतो."

"आत कोणी नाही, काका."

फोन केला. युर्गानं उचलला आणि माझा आवाज ऐकून म्हणाली, "अरे देवा. आई! तू सांगितलं नाहीस त्याला?"

मग दानुते आली फोनवर. मी किती तरी बोलू शकलो असतो. बोललो ते हे : "विमान सात मिनिटं आधी उतरलं. मागून वारा होता."

ती म्हणाली, "बरं झालं."

मागे बाळ कुरकुरत होतं.

"तू आत नव्हतीस," मी म्हटलं.

"नव्हते. सांगायचं होतं, झिग्मास. रोज ठरवायचे. पण तुला सांगायला गेलं की तू हिशोब मांडतोस, आणि तुझा हिशोब बरोबर असतो. मग मला गप्प बसावं लागतं. या वेळी मला गप्प बसायचं नव्हतं."

"नाताळला नाही येणार?"

"नाताळला नाही. नंतरही नाही. मी इथेच राहणार आहे."

"मार्चपर्यंत? वर्ग संपेपर्यंत?"

ती रडतेय की हसतेय ते १,९६६ किलोमीटरवरून कळलं नाही. म्हणाली, "घरी जा. रस्त्यावर बर्फ असेल. जपून."

फुलं खुर्चीवर राहिली. गाडी सुरू केल्यावर आठवलं. परत गेलो नाही.

गुरुवार, २० डिसेंबर

दाब बघितला नाही.

शनिवार, २२ डिसेंबर

डब्लिनहून पाकीट. दानुतेचं अक्षर. हाताला लागतंय त्यावरून आत पोळीच आहे. माझ्या अर्ध्यातून मोडून पाठवली असणार, रीतीप्रमाणे. उघडलं नाही. कुचोसला टेबलावर उघडीन. मोडून पाठवते म्हणजे दार पुरतं बंद नाही, असं मी धरून चाललो आहे. चूक असेन. पण मोडून पाठवते कशाला मग?

स्तासेबाईंना सांगितलं की ती सध्या येत नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिनं जाताना मला तिच्या जिरेनियमच्या कुंड्या दिल्या, झिग्मास. दोन महिन्यांसाठी कुंड्या कोणी दुसऱ्याला देतं का? घरात नवरा असताना?"

कुंड्या गेल्याचं माझ्या नोंदीत नाही.

सोमवार, २४ डिसेंबर

बारा पदार्थ हवेत. हेरिंग मासा दोन तऱ्हेचा, बीटचं सूप, अळंबी भरलेले पिठाचे कान, खसखशीच्या दुधातले बिस्किटाचे गोळे, क्रॅनबेरीची पेज, पाव, सफरचंद, काकडी, कोबी. दहा झाले. दोन स्तासेबाईंनी आणून दिले आणि त्या मुलाकडे जेवायला गेल्या. "चला माझ्याबरोबर," म्हणाल्या. "जेवणारे सम हवेत, तिथे आम्ही सात आहोत, तुम्ही आलात की आठ." मी म्हटलं, इथे आम्हीही सम आहोत. मी एक, दानुतेचं ताट दोन.

टेबलावर वाळलेलं गवत पसरलं, पण वर घालायला तागाचा टेबलक्लॉथ नव्हता. कपाट पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, जणू ६४० ग्रॅम कुठे गेले ते मला माहीत नव्हतं. शेवटी पांढरी चादर घातली. दानुतेच्या जागी ताट मांडलं, काटा, चमचा, फरच्या झाडाची छोटी फांदी. माझी अर्धी पोळी माझ्या ताटात.

पहिला तारा दिसला की जेवण सुरू. इथे तो १६:४० च्या सुमारास. पण डब्लिनला सूर्य आपल्यानंतर दोन तास अकरा मिनिटांनी बुडतो. म्हणून मी ठरवलं की तिथला तारा उगवेपर्यंत थांबायचं, म्हणजे दोन्हीकडे घास एकाच वेळी तोंडात जाईल. १८:५१. सूप दोनदा गरम केलं. १८:५१ ला फोन लावला.

"बाबा! सणाच्या शुभेच्छा!" युर्गा तोंडात घास घेऊनच बोलत होती.

"तारा दिसला?"

"कसला तारा? इथे सकाळपासून पाऊस आहे. आम्ही चार वाजताच बसलो, बाळ झोपायच्या आत. जेवण संपतच आलंय. तू?"

"मी आत्ताच बसतोय."

"एवढ्या उशिरा? का रे?"

मी म्हटलं, सूप व्हायला वेळ लागला.

मग दानुते. तिनं पहिलं हेच विचारलं. "आईचं ताट मांडलंस?"

त्या वर्षी घरातलं जे माणूस गेलं, त्याचं ताट कुचोसला मांडायचं, त्यात मेणबत्ती लावायची. लहान पोरालाही माहीत असतं. फेब्रुवारीपासून दहा महिने झाले. मी बारा पदार्थ मोजले, गवत पसरलं, दोन शहरांतल्या ताऱ्यांची मिनिटं मांडली.

"हो," मी म्हणालो.

"पाकीट मिळालं?"

"मिळालं."

"मग ठीक," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "त्यातलं तिच्या ताटात ठेव."

फोन ठेवला आणि पाकीट उघडलं. माझ्या पोळीतला तुकडा नव्हता. त्यांच्या तिथल्या चर्चमधल्या वेगळ्या पोळीचा, हातानं मोडलेला, कडा वेड्यावाकड्या, एका कोपऱ्यात गोठ्याच्या छपराचा जरासा भाग. बरोबर चिठ्ठी : "आईसाठी. दा." माझ्यासाठी काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, पुठ्ठा उचलून खाली बघितलं.

घरात मेणबत्ती एकच होती. दानुतेच्या ताटातली फरची फांदी काढली. काटा-चमचा उचलला. ते ताट टेबलाच्या टोकाशी, तिच्या आईच्या जागी नेऊन ठेवलं, त्यात तो तुकडा ठेवला आणि मेणबत्ती लावली. 'हो' आधी म्हणालो होतो, ताट नंतर मांडलं. क्रम लिहून ठेवतो.

दानुतेच्या जागी मग काही राहिलं नाही. चादरीखालचं गवत तेवढं थोडं दबलेलं दिसत होतं, ताट होतं तिथे गोल.

माझी अर्धी पोळी कोणापुढे धरायची ते कळेना. कापलेली कड बोटांनी चाचपून पाहिली. अजूनही सरळ होती.

बुधवार, २६ डिसेंबर

सकाळी फेब्रुवारीची वही काढली.

तेरा तारखेचं पान. माझंच अक्षर, एकही खाडाखोड नाही. मंगळवार. −११. दाब ७५४. निघालो ११:५०. पोचलो १४:०५. १८२ किमी. मृत्यू १३:४० (नर्सच्या म्हणण्याप्रमाणे).

पान बराच वेळ उघडं ठेवून बसलो. मग जे त्या पानावर नाही ते आठवायला लागलं. खरं तर आठवायला लागलं नाही, ते तिथेच होतं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी बॅरोमीटरशी होतो. फोन दानुतेनं घेतला. कोट घातला, बूट घातले, पर्स घेतली आणि दारात उभी राहिली. मी म्हटलं, वेळ आहे, असं धावत निघालं की रस्त्यात अडकायला होतं. चारही चाकांची हवा तपासली. मागचं डावं ०.२ नं कमी होतं, भरलं. साखळ्या डिकीत टाकल्या. थर्मासमध्ये चहा केला. कोणत्या रस्त्यावर मीठ टाकलंय ते विचारायला दोन फोन केले, दुसरा बराच वेळ लागला नाही. ती दारातच होती. दार उघडं होतं आणि थंडी आत येत होती, तेव्हा मी तिला म्हटलं, "दार लाव, घर गार होतंय." तिनं लावलं, आणि बाहेरच्या बाजूला उभी राहिली.

त्या थर्मासमधला चहा कोणी प्यायला नाही.

फोनची वेळ मला माहीत होती. घड्याळ बॅरोमीटरच्या शेजारीच आहे. मी प्रत्येक गोष्टीची वेळ बघतो.

पेन्सिल घेतली, मग ठेवली, पेन घेतलं. 'निघालो ११:५०' या ओळीच्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं :

फोन ११:०५. दानुते तयार ११:१०.

खाली वजाबाकी केली. अकरा दहाला निघालो असतो, तर एकशे पस्तीस मिनिटं. तेरा पंचवीस. तिची आई तेव्हा होती. अजून पंधरा मिनिटं होती.

आकडा पुन्हा तपासला. बरोबर आहे.